टेपर

कृती माझ्याकडं कधीच नव्हती.
डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागं
मी फक्त भांड्याचा छेद काढून आणलेला:
वर बावीस, तळाला अठरा, उंची पाच,
बाजू बाहेर कललेल्या.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लाकडी पॅटर्न घासलेल्या माणसाला
एवढं कळतं,
टेपर नसेल तर वाळूतून काही सुटत नाही.

सिसिलीत सात आठवडे होतो, कंपनीनं धाडलेलं,
मोल्डिंग मशीन शिकायला.
घरमालकीण कोन्चेत्ता. तिचं मला कळायचं नाही, माझं तिला.
एका सकाळी कोल्हापूरहून फोन आला: मुलगी झाली.
मी दोन हातांनी हवेत पाळणा हलवून दाखवला.
तिनं टेबलावरचं फडकं काढलं
आणि ईस्टरसाठी झाकून ठेवलेला केक कापला,
सणाला तीन दिवस असताना.

मयूरा आता सातव्या महिन्यात माहेरी आलीय.
परवा विचारते, "बाबा, मी झाले त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं?"
शालन भाकरी थापत होती.
हात थांबले.
"सांगा की. मी सीपीआरच्या खाटेवर पेज पीत होते."

कसाटा, म्हटलं.
"लग्नातला? तो आईस्क्रीमचा तुकडा?"
नव्हे. हा वेगळा.

पापाच्या तिकटीजवळ पत्र्याचं भांडं करून घेतलं,
मापं तोंडपाठ.
गंगावेशीच्या कट्ट्यावर धुळाप्पा म्हैस पिळत होता.
"आठ लिटर? पाव्हणं आल्यात व्हय?"
म्हटलं, नासवायचंय.
चरवीतला आवाज बंद.
"धारोष्ण दूध नासवाया देत न्हाई मी कुणाला."
दुसऱ्या दिवशी खोटं बोललो. बासुंदी.

पहिला चोथा गाळून बाजूला ठेवला.
खरं काम उरलेल्या पाण्याचं.
शालन जी निवळी कणकेत ओतते
तीच पुन्हा गॅसवर.
बराच वेळ काही होत नाही.
माणूस भांड्यावर ओणवा, चष्म्यावर वाफ,
आणि वाटतं, संपलं, यात आता काय असणार.
मग बुडातून काहीतरी वर येतं,
ओलं, भित्रं,
झाऱ्यानं उचलताना आपलाच श्वास आड येईल असं.

एवढ्या खटाटोपाला दोन वाट्या.
मापात बसेना,
म्हणून पहिला चोथाही कुस्करून घातला,
कोन्चेत्ता बघत नव्हती म्हणून.
तिच्या केकात भोपळ्याच्या साखरेत मुरलेल्या फोडी असायच्या;
लक्ष्मीपुरीत कोहळ्याचा पेठा मिळाला,
चावला, आणि क्षणभर
तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली.
फक्त खिडकी. बाहेर काय होतं ते नाही.

बदाम वाटून हिरवा रंग घातला, जरा जास्तच.
मयूरा म्हणाली, "बाबा, भेंडी."
कडेनं हिरवी पट्टी, मध्ये स्पंज,
त्यात ते पांढरं, चॉकलेटचे कण, पेठा.
रात्रभर फ्रीजमध्ये.
मी दोनदा उठून बघून आलो.

सकाळी ताटात उलटं केलं.
बुडावर दोन टिचक्या,
पॅटर्न सोडवताना मारतात तशा.
सुटलं.
डावीकडं थोडं बसलं.
इन्स्पेक्शनला हा पीस मी स्वतः नापास केला असता.

शालननं घास घेतला.
सगळे तिच्या तोंडाकडं.
"गोड लई झालंय."
मग दुसरा तुकडा, ताटली न घेता, हातातच.
खाता खाता म्हणाली,
"त्या बाईला कळलं कसं?"
काय?
"मुलगी झाली ते. भाषा तर येत नव्हती."
पाळणा करून दाखवला.
"मला कुठं दाखवलाय?"

पाकानं चिकट झालेले हात
मी हवेत धरले
आणि हलवले.
मयूरा हसायला लागली, पोट धरून.
शालन काही बोलली नाही.
भांडं उचलून मोरीकडं गेली,
कललेल्या कडेवरून बोट फिरवत,
कुठं काही चिकटून राहिलंय का बघत.