पाण्याच्या टोकाशी

गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, चालणं नको, सायकल चालेल.
भाचा जर्मनीला जाताना त्याची ठेवून गेला होता.
एकवीस गिअर म्हणे. मी दोन वापरते,
एक चढाचा, एक बाकीच्या जगाचा.
आणि डाव्या कालव्यावर चढ एकच,
हमरस्त्यावरून भरावावर येण्याचा.

तेवढा चढला की कांद्याचे ट्रॅक्टर खाली राहतात
आपापली गाणी घेऊन.
वर मुरूम. मधोमध गवताची वेणी,
दोन्हीकडे खात्याच्या जीपनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या.
डावी माझी.
लोक म्हणतात चाकोरी सोडा.
त्यांनी सुट्या मुरमात सायकल घातलेली नाही.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. कालवा कोरडा.
तळाशी चिखलाच्या खपल्या, एक चप्पल,
कुणाची तरी सोडलेली परडी,
खेकड्यांची बिळं.
एका बाजूला पिवळा होऊ घातलेला गहू,
दुसऱ्या बाजूला द्राक्षांच्या बागा,
कागदात गुंडाळलेले घड,
निर्यातीला निघालेली पोरं जशी.

दगू तात्या पाटकरी चारीच्या दारावर बसलेले,
मफलर कानांवरून, चावी मांडीवर, हातभर लांब.
‘रात्री सोडलंय नांदूरहून,’ म्हणाले, ‘येईलच आता.’
एसटीबद्दल सांगावं तसं.

आधी आवाज आला नाही. आधी वास.
पहिल्या पावसाचा नव्हे, त्याची कौतुकं पुष्कळ झाली.
हा गोदामातल्या ओल्या पोत्यांचा.
मग वळणावरून ते आलं,
तपकिरी, वीतभर जाड, फेसाची किनार लावलेलं,
बाभळीची पानं आणि थर्माकोल पुढे ढकलत.
त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे,
किड्यांपुढे बगळे, उलट पावली,
एकेक घास उचलत, घाई नसलेले.

मी बरोबर निघाले.
पाणी इतकं हळू चालतं हे ठाऊक नव्हतं.
ब्रेक धरावा लागला.
प्रत्येक भेगेत ते तोंड घालायचं,
ती भरेपर्यंत थांबायचं,
एक बुडबुडा वर यायचा, मग पुढची.
चौतीस वर्षं बँकेत काउंटरवर बसले,
कुणाचंच काम मी इतकं पुरतं केलं नाही.
बुडबुड्यांकडे बघता बघता दोनदा पडता पडता वाचले.
सायकल जोरात कुणीही चालवेल.

मोरीपाशी अडलं.
उसाचं पाचट, काटेरी फांद्या आणि चक्क एक गादी.
मागून तात्या लुनावर आले,
आकडा काढला, कमरेला दोर बांधला,
दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.
‘धरा ताई. सोडू नका.’
सायकल आडवी टाकली, दोर धरला.
ते खाली उतरले. पाणी घोट्याला, पोटरीला,
आकडा गादीत रुतेना.
दोर तळहातात बोलत होता,
आता डावीकडे झुकलेत, आता श्वास घेतलाय.
मग काहीतरी फाटलं,
कापूस वर आला, आणि पाणी
मोरीतून असं गेलं की मागे वळून
कुणाचे आभारही मानले नाहीत.
‘ओढा,’ तात्या म्हणाले. मी ओढलं.

वर आल्यावर त्यांनी विडी पेटवायचा प्रयत्न केला.
काड्या ओल्या. आम्ही दोघंही हसलो.

रुईच्या इंदूला फोन लावला.
‘पाणी निघालंय. उद्या तुझ्या बांधाला.’
‘तू गं कधीपासून पाटबंधारे खात्यात?’
‘आत्ताच. अर्धा तास झाला.’
ती म्हणाली, दूध उतू जातंय, ठेवते.

परतताना माझी चाकोरी उजव्या हाताला आली.
शेजारून पाणी उलट दिशेनं चाललेलं,
काठोकाठ नाही, गुडघाभर.
तळवे चुरचुरत होते, हँडल नीट धरवेना.
चप्पल तरंगत आली, शेजारून गेली.
आता दुसरा गिअर टाकायला हरकत नव्हती.
टाकला नाही.