कातडीबचाऊ

बाबांचे हात बाळाच्या टाचेसारखे मऊ.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या त्यांनी,
लोकरीतलं पिवळं मेण
पेरापेरांत मुरत गेलं,
फुकट, न मागता.
तेच हात तोंडावरून फिरवतात
तेव्हा खरखर ऐकू येते मला
ओट्यापाशी, किटलीच्या शिट्टीवरूनसुद्धा.

पोर्वेनीरमध्ये वाऱ्याला सुट्टी नसते.
इथला उन्हाळा डिसेंबरात, तोही स्वेटर घालून,
आणि स्वेटरात कुडकुडणाऱ्या माणसाला
आपण भाजतोय हे कसं पटावं?
ऊन म्हणजे ऊब, असा बाबांचा हिशेब.
इथलं ऊन ऊब देतच नाही, नुसते चटके,
जेवायला न वाढताच
बिल आणणाऱ्या खाणावळीसारखं.

मी औषधांच्या दुकानात.
दिवसभर काउंटरवर परक्या गालांशी बोलते.
गरम नको हो, सिन्योरा ओब्दुलिया, कोमट पाणी.
आणि पुसू नका, टिपा.
तोंड ओलसर आहे तोवरच क्रीम,
मग ते नुसतं वर बसून राहतं.
गाराजवाल्याच्या पोराच्या कपाळावर मुरमांचं पीक,
दिवसातून सहादा साबण लावतो,
जणू तोंड नाही, तवाच आहे.
त्याला म्हटलं, दोनदा पुरे,
तेलकट कातडीलाही तहान लागते रे.
नर्स बेर्निताची त्वचा नव्या कशावरही रुसते,
तिला मनगटाच्या आत एक ठिपका लावून
वाट पाहायला शिकवलं.
सगळे ऐकतात.
घरी यावं तर हा चेहरा.

ट्यूब ठेवली आरशापाशी.
"यास्ना, मी काही कातडीबचाऊ नाही,"
म्हणाले, आणि टोपी चढवून गेले.
कान झाकत नाही ती टोपी.
मी मनाला लावून घेतलं.
आई असती तर म्हणाली असती,
तू खुशाल मनाला लाव,
हा तोंडाला लावायचा नाही.

पण आठवड्यानं उचलली तर ट्यूब हलकी.
मी गप्प. बोललं की बिघडतं.
नवी आणली. तीही आटली.
पंधरा दिवसांत दोन!
एवढा चेहरा कुणाचा असतो?

रविवारी कुंपणाकडे गेले
तर बाबा घोड्यासमोर उभे.
तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या घोड्याला
इकडे मालाकारा म्हणतात,
वाईट चेहऱ्याचा.
पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी,
नाकाडावर पापुद्रे सुटलेले.
बाबा बोटावर क्रीम घेत होते,
चोळत नव्हते, टिपत होते,
नाकपुडीच्या कडेकडेनं, ओठाच्या वळणावर,
मी सिन्योरा ओब्दुलियाला दाखवते
अगदी तसं.
"रोज सकाळी," ते त्याला सांगत होते,
"आणि दुपारी परत. ढग असले तरी.
एक दिवस लावून काही होत नाही, गड्या."

घोडा फुरफुरला.
पांढरा शिंतोडा उडाला बाबांच्या गालावर.
मी खांबाआड श्वास धरला.
त्यांनी तो पुसला नाही.
बोटावर उरलं होतं थोडं.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
वाया घालवणारा माणूस नाही,
कानाच्या पाळीला लावलं.
मग दुसऱ्या.

रात्री रश्श्यात पाव बुडवत म्हणाले,
"ट्यूब संपली. मालाकाराला लागते."
"हो," म्हटलं, "त्याची कातडी नाजूक."
त्यांच्या डाव्या कानामागे
न मुरलेली एक पांढरी रेघ होती.
मी ती पाहिली नाही.