हातचा एक

सेतूबालच्या सार्डिन कारखान्यात
अदेलीनोनं सव्वीस वर्षं खातेवही सांभाळली.
दमडीचा फरक निघाला तरी
ताळा जुळेपर्यंत घरी यायचा नाही.
घरातलंही तसंच. मासळी, मेणबत्त्या,
माझ्या चपलांचे टाचे, सगळं निळ्या शाईत.
पैसे कुठं असतात
हे विचारायची मला कधी गरजच पडली नाही.

फेब्रुवारीत गॅस तोडला.
तो म्हणाला, कंपनीवाले चोर.
मी मान डोलावली. असतातच.
मग घराचा विमा बुडाला.
मग नळवाला जुस्तीनो टोपी काढून दारात,
काकी, एका नळाचे तीनदा दिलेत त्यांनी,
हे घ्या दोनदाचे.
परत आणायला जे आलेच नाहीत
ते किती, मला अजून ठाऊक नाही.

मला वाटलं, बाई आहे.
खोटं कशाला बोलू? त्याच्या कोटाचा
वास घेतला मी, एकाहत्तराव्या वर्षी.
नुसता तंबाखू. खिशात एक पावती:
भिंतीवरचं घड्याळ. चौथं.
घरात एकही टांगलेलं नव्हतं.
मी नाव विचारलं तिचं, ओरडून.
परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो
माझ्याच तोंडावर उत्तर शोधत राहिला.

वही चादरींखाली सापडली.
पाव पंचवीस. कॉफी ऐंशी. अंडी तीनशे.
कोण लुटतंय याला?
पान उलटता उलटता कळलं: एस्कुदो.
वीस वर्षांमागं बाद झालेल्या नाण्यांत
तो रोज संध्याकाळी
आमचं घर चालवत होता.
आणि जुळत होतं सगळं.
खाली पट्टीनं मारलेली दुहेरी रेघ.

दवाखान्याचा रस्ता आम्हाला
त्याच्या पुढच्या वर्षी सापडला.
तोवर होडी गेली,
आणि लेकीच्या नावचे नऊ हजार.
ती अजून फोनवर हवापाण्याचंच बोलते.

आता हिशोब मी लिहिते, बोटं मोजत.
तो शेजारी संत्रं सोलतो.
काल सात नि आठ मिळवून
मी पाच मांडले आणि पुढं गेले.
त्यानं ओलं बोट कागदावर टेकवलं.
"हातचा एक राहिला, बाई."
मग जरा वेळानं, आदबीनं,
"नव्या लागलात का कारखान्यात?
पगार किती ठरवलाय?"

मी एस्कुदोत सांगितला.