आपोआप आलेली

निपाणीत, जुन्या तंबाखू वखारीच्या अंगाला
आमचं आठ बाय दहाचं दुकान:
लग्नपत्रिका, उतारे, झेरॉक्स.
लिनक्स टाकलं ते फुकट म्हणून. तत्त्वबित्त्व काही नाही.

डिस्क भरली म्हणून काढायला गेलो
एक स्कॅनरचं सॉफ्टवेअर.
स्कॅनर गेल्या दिवाळीतच मेलेला.
काळ्या पडद्यावर 'रिमूव्ह' लिहून एंटर मारलं
तर तो विचारतो,
एकशे सत्तेचाळीस पॅकेजेस जातील. चालेल?

चालेल कसं, बाबा.
बोट मागे घेतलं आणि यादी वाचत सुटलो,
ग्रामसभेत वाचतात तशी, मोठ्यानं:
कन्नड कीबोर्ड. मराठी फॉन्ट. घड्याळ.
घड्याळ जिच्यावर बसतं ती पट्टी.
एक दोरा ओढावा अन् तोंडशिवण सुटून
अख्खं बोद उताणं व्हावं, तसं.

स्कॅनर एका मोठ्या नावाच्या हाताखालचा.
ते नावही नुसतंच, आत काही नाही,
एक चिठ्ठी फक्त: हे सगळे माझ्यासोबत.
चिठ्ठी गेली की सोबतचे बेवारस.
त्यांच्यापुढे शेरा तयार:
आपोआप आलेली. आता गरज नाही.

"काय करूलालास एवढं?"
इराण्णा. कटिंग मशीनपाशी.
संकेश्वरहून ट्रेडल आणलं तेव्हा
टेम्पोत मागे बसून आलेले.
ट्रेडल भंगारात गेलं, सत्तावीस रुपये किलोनं.
त्यांना या कुणी म्हटलं नव्हतं,
जा म्हणायचंही राहून गेलं.
सकाळी शटर तेच उघडतात.

"मोजतोय."
"किती?"
"एकशे सत्तेचाळीस."
"नूर नलवत्तेळु," ते स्वतःशीच पुटपुटले.
आकडा कन्नडात गेल्याशिवाय त्यांना पटत नाही.

मी 'नाही' दाबलं.
मग एकेकाचं नाव टाकून खूण करत बसलो:
हे आपोआप नाही. हे मी मागून घेतलंय.
कीबोर्ड, मी मागून घेतलाय.
फॉन्ट, मी.
घड्याळसुद्धा.
दोन गिऱ्हाइकं परत गेली, एक शिवी देऊन.

पुन्हा रिमूव्ह.
आता जाणार दोनच: स्कॅनर आणि ती रिकामी चिठ्ठी.
आणि खाली एक ओळ: एक नवीन येईल.
मागितलं नव्हतं. कुणाला तरी
तो नसेल तर दुसरा कुणी लागतो म्हणे.
येऊ दे.

"झाली काय रे जागा?"
"अकरा एमबी."
म्हणजे किती, ते त्यांनी विचारलं नाही.
स्टूल ओढलं
आणि पत्रिका दुमडायला बसले.