सागर किनारा लॉज, थकबाकी

जेऊरला उतरून पुढे वडाप.
मांडीवर नमुन्यांची पिशवी, पिशवीत वही,
वहीत : सागर किनारा लॉज, पाणकवठे,
चादरी चोवीस नग, मोर डिझाइन,
बाकी आठ हजार सहाशे.
मालक म्हणाले, पाणी ओसरून दीड महिना झाला,
जाऊन तर या.

सोलापूर जिल्ह्यात समुद्र नाही.
धरणाचं पाणी आहे, पलीकडचा काठ न दिसणारं,
आणि चांगुणाबाई नगरेंच्या भिंतीवर
टेंभुर्णीच्या पेंटरनं काढलेलं नारळाचं झाड.
त्यानं समुद्र पाहिला नव्हता, बाईंनीही नाही.
पण माघात रोहित पक्षी बघायला येणारी पुण्याची माणसं
त्या झाडाशी उभी राहून फोटो काढायची.
आता झाडावर गाळाची रेघ आहे,
झावळ्यांच्या जरा खाली.
नारळ तेवढे कोरडे राहिलेत.

गाव गप्प आहे. म्हणजे आवाज आहेत,
खराट्याचा, पत्रा ठोकल्याचा,
कुणाची तरी मोटर विहिरीतला गाळ ओढते आणि मध्येच खोकते.
माणसं मात्र हळू बोलतात,
घरात कुणी आत्ताच झोपल्यासारखी.
बाभळीत एक होडी अडकली आहे.
तीत कोंबडी अंड्यांवर बसलीय,
म्हणून अजून कुणी उतरवत नाही.

चांगुणाबाईंनी खुर्ची धुऊन दिली.
"पाणी समोरनं आलं न्हाई," म्हणाल्या,
"जलमभर आमी तिकडं तोंड करून बसलो.
आलं ते मागनं. ओढ्यानं. रातच्या दोनला."
ओढा दाखवला. त्यात एक शेळी उभी होती,
खूरसुद्धा बुडले नव्हते.

चिलापीचं कालवण, कडक भाकरी, शेंगाचटणी.
वही मी हात धुतल्यावर काढणार होतो.

पण चादरींचं त्यांनीच काढलं.
दोन वासरांना. एक बाळंतिणीला.
एकीत लव्हाजी तात्याला गुंडाळून नेलं,
ती काय परत मागत्यात होय.
आणि सहा, एकीला एक बांधून,
गच्चीवरनं सोडल्या
खाली चिंचेला धरून राहिलेल्या हरिबासाठी.
"गाठ सुटली न्हाई. रंग बी गेला न्हाई.
तुमचा माल पक्का बगा.
फकस्त चार बोटं कमी पडली."
बोटं आडवी धरून दाखवली,
पातेल्यात दूध किती उरलं ते दाखवावं तशी.

मग?

"मग काय. धाकटीनं टावेल जोडला. तोवर..."
आणि त्या माझं ताट उचलायला वाकल्या.

लेबलवर नव्वद इंच आहे.
सूत महागलं तेव्हापासून मागावर साडेएकोणनव्वद.
अर्धा इंच कोण मोजतं?
पांघरणारा पाय जरा ओढून घेतो, झालं.
सहा चादरी, तीन इंच.
तीन इंच म्हणजे चार बोटं.
गाठींत किती जातं ते वेगळं,
असं मी स्वतःला सांगितलं,
परतीच्या वाटेवर, मोहोळपर्यंत.

निघताना त्यांनी तीनशे रुपये दिले, ओलसर, नीट सरळ केलेले.
"वहीत लिवा. आन् बारा नव्या धाडा.
पाखरं येत्यात की ओ, त्यास्नी कुठं ठावं आमचं."
मी लिहिलं : जमा तीनशे.
पुढे आणखी काही लिहायचं होतं,
त्या रकान्यात जागा नव्हती.

रात्री कारखान्यात माग बंद झाल्यावर
गठ्ठा उघडून टेप लावली.
साडेएकोणनव्वद. साडेएकोणनव्वद. एकोणनव्वद.
मोर सगळे सारखे, मान वळवून बसलेले.
नववी चादर नव्वद भरली.
दोनदा मोजली.
कुणाच्या हातून चुकून आली असेल,
तिसऱ्या पाळीच्या पेंगेत.
ती गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली
आणि बांधायला सुतळी शोधत राहिलो.