मुदतबाह्य

ठाण्याच्या कोर्टामागे, रेकॉर्डच्या खोलीत,
मोडी लावून देण्याचे मला पानामागे पैसे मिळतात.
मोडीत लेखणी फारशी उचलत नाहीत,
शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं.
म्हणून पोशा बामा भोईर, राहणार घणसोली, धंदा मीठ,
एका दमात बोलतोच आहे
सन एकोणीसशे बारापासून.

दावा साधा होता.
सरकार म्हणालं, खाडीची जमीन सरकारची.
पोशा म्हणाला, बांध आज्याने घातला,
उघाडीचं दार मी उघडतो.
जज्जसाहेब म्हणाले, चतुःसीमा सांग.
पूर्वेस बांध. दक्षिणेस बांध.
उत्तरेस कमळूची कोंडी.
पश्चिमेस?
पश्चिमेस पानी, सायेब. भांगाला लांब,
उधानाला घरात.
समासात बारीक अक्षरात नोंद: साक्षीदार हसतो.

वकील दामोदर सखाराम टिपणीस, वय चोवीस.
जागा बघायला स्वतः गेला असावा;
खर्चाच्या यादीत 'होडीभाडे, चार आणे' आहे
आणि पुढे 'नामंजूर'.
बारा पानं त्याने वहिवाट मांडली, शेवटी लिहिलं:
ज्या कायद्यास पाणी ओळखता येत नाही
तो या किनाऱ्याचा कायदा नव्हे.
कोर्टाने वाक्य खोडायला लावलं.
खोडणाऱ्याचा हात कच्चा होता,
रेघ वरून गेली, अक्षर खाली शाबूत.

निकाल: दावा मुदतबाह्य, सात दिवसांनी.
त्या सात दिवसांत उधाण होतं, होडी सुटली नाही,
हे पोशाने सांगितलंय, ते लिहूनही घेतलंय.
लिहून घ्यायला मनाई नव्हती.

टिपणीस पुढे मोठे झाले.
सनद परत केली, भाषणं केली,
इथल्याच तुरुंगात दोनदा जाऊन आले.
स्वराज्य आलं तेव्हा त्यांना बसवलं
जुने कायदे निवडायच्या समितीत.
तांदूळ निवडावेत तसे: हा ठेवा, हा टाका.
अठराशे चौऱ्याण्णवचा भूसंपादनाचा कायदा
त्यांच्या सुपात आला असेल.
ते काय म्हणाले, मला सापडलेलं नाही.
कायदा राहिला, एवढं खरं.
धरणं बांधायची होती, दवाखाने.
मीही ठेवला असता कदाचित.

सत्तर साली त्याच कायद्याची नोटीस
घणसोलीत चावडीवर डकवली, नव्या शहरासाठी.
या खेपेला देवनागरीत,
शब्द सुटे सुटे.

आज पोशाचा खापरपणतू आला, जितेश.
हेल्मेट टेबलावर, काखेत
साडेबारा टक्क्यांची फाइल.
म्हणाला, मॅडम, ही नक्कल कशाला लागते
मला नाय माहीत, वकिलाने सांगितलंय.
मी वाचून दाखवलं. पश्चिमेपर्यंत आले.
तिथे आता काय आहे, मी विचारलं.
सोसायटीचं पार्किंग, म्हणाला.
उधाणाला गाड्या हलवतो आम्ही.
आणि हसला.

मग विचारलं, आपण जिंकलो होतो का?
सात दिवस उशीर झाला, मी म्हटलं.

पावती फाडताना अडले.
खोडलेला मजकूर मोजायचा नाही असा नियम आहे.
मोजला नाही.
उतरवला.