रेघेची जाडी

नकाराचं पत्र आलं तेव्हा
मी टाकीचा फ्लोट बदलत होतो.
ओल्या बोटांनी उघडलं :
'विषयांकित विकास प्रस्ताव
नियोजित रस्त्याने बाधित होत असल्याने
नामंजूर करण्यात येत आहे.'
खाली शिक्का, शिक्क्यावर सही,
दोघांनी एकमेकांना झाकलेलं.

रस्ता?
बाळकुमच्या आमच्या गल्लीतून
रिक्षासुद्धा रिव्हर्समध्ये बाहेर पडते.

मला वर एक खोली हवी होती, दहा बाय बारा.
हर्षाली परत आली आहे, दोन पोरं घेऊन,
आणि आता जाणार नाही
हे तिने सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.
धाकटा ओट्याखाली बसून पाढे म्हणतो.

मंत्रालयात अपील चौदा महिने झोपलं.
मग मुकादम वकीलबाई म्हणाल्या, रिट टाकू.
विश्राम गोविंद खडपे विरुद्ध महानगरपालिका :
एवढ्या मोठ्या नावाशेजारी
माझं नाव पहिल्यांदाच एका ओळीत आलं.

पाचव्या तारखेला नकाशा उलगडला.
एक कोपरा पेपरवेटखाली, एक पाण्याच्या ग्लासाखाली,
उरलेले दोन परत गुंडाळायला बघत होते.
वकीलबाईंनी पट्टी काढली, लेकीच्या दप्तरातली,
वर फुलपाखराचा स्टिकर.
"प्रमाण एकास चार हजार.
रेघ अर्धा मिलिमीटर जाड.
म्हणजे जमिनीवर दोन मीटर, मायलॉर्ड.
माझ्या अशिलाची भिंत या रेघेच्या पोटात आहे,
रस्ता अजून पलीकडेच राहिला."

"कोणी काढली ही?" न्यायमूर्तींनी विचारलं.
महापालिकेचे वकील म्हणाले, जुना माणूस असेल,
रिटायर झाला असेल.
थोडं हसू झालं.

मी मागच्या बाकावर.
'कोळशेत'मधल्या ळची गाठ मी केव्हाच ओळखली होती.
अशी गाठ अख्ख्या नगररचनेत
एकच अनुरेखक मारायचा.
शून्य पॉइंट दोनचं पेन त्या दिवशी तुंबलं होतं,
दुसरं सावर्डेकरच्या ड्रॉवरमध्ये,
सावर्डेकर रजेवर, किल्ली त्याच्या खिशात.
साहेब म्हणाले, जाड तर जाड, चारला टपाल जातंय.
मी ओढली.
ट्रेसिंगवर घरं नसतात, आकडे असतात.
बारा वर्षांनी त्यातलाच एक आकडा मी विकत घेतला,
आणि जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाने
विकास आराखडा पाहिला नाही.
पाहिली पूर्वेची खिडकी.

उभं राहून सांगायला हवं होतं?
तोंड उघडलं तोवर पुढची केस पुकारली होती.

आदेश दीड पानी.
नकार रद्द. कारणमीमांसा अपुरी.
आठ आठवड्यांत नव्याने निर्णय घ्यावा.
खर्चाबाबत आदेश नाही.
"जिंकलो, काका," वकीलबाई म्हणाल्या.
"परवानगी?"
"ती त्यांनीच द्यायची."

तीच खिडकी. टोकन एकशे बेचाळीस.
आता नकाशे संगणकातून जातात.
आर्किटेक्टकडच्या पोराने आमचा तुकडा पडद्यावर आणला.
मोठा कर, म्हटलं. केला.
अजून. केला.
भिंत वाढली, ओटा हातभर झाला,
रेघ केसाएवढीच राहिली.
"काका, हिला जाडीच नसते," तो म्हणाला,
"कितीही जवळ जा."

घरी आलो. धाकट्याला ओट्याखालून काढलं,
वाटीत कोमट पाणी घेऊन
जुनं पेन बुडवलं.
शाई आधी आलीच नाही.
मग आली, एक धागा, काळा, वळत वळत.
पोरगा म्हणाला,
आजोबा, वाटी हलवू नका.